आष्टामोडला थांबणारी पद्मिनी

अप्पा,

तुमच्या शोकसभेतून मी मधेच उठून गेलो. चप्पल सापडेना, म्हणून अनवाणीच मंगल कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो आणि उन्हात उभा राहिलो. लोकांना वाटलं, धाकट्या साडूला रडू आवरलं नाही. एकानं पाण्याचा पेला आणून दिला, दुसऱ्यानं पाठीवरून हात फिरवला. मी रडत नव्हतो. मला राग आला होता, आणि तो तुमचाच आला होता. ज्या माणसाला नुकतीच माती दिली त्याच्यावर असं चिडावं का, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आजही नीटसं कळत नाही. म्हणून तुम्हालाच लिहितोय.

तुम्हाला सांगायला हवं, सभेत काय झालं ते. आपला मेहुणा उमाकांत बोलायला उभा राहिला. चाकूरच्या खताच्या दुकानात तो बरा बोलतो, पण हातात माईक आला की त्याचं निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसासारखं होतं. म्हणाला, "मन्मथअप्पा दाजी म्हणजे देवमाणूस. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाशी वाद घातला नाही."

मी मान वर केली. कुणाशी वाद घातला नाही? मग माझ्याशी इतकी वर्षं काय करत होतात, भजन?

पुढं तो म्हणाला, "एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती, ती आज सांगतो. धोंड्याच्या जेवणाला दोन्ही दाजी आपापल्या गाड्या घेऊन चाकूरला यायचे. आधी कोण पोचतंय याची त्यांची पैज असायची. दर वेळी नांदेडचे दाजी आधी पोचायचे. पण का? अप्पा दाजी आष्टामोडला झाडाखाली गाडी लावून बसायचे. तिथून मला फोन करायचे, 'नांदेडकर पोचला का रे? पोचला असंल तर निघतो मी.' धाकट्याचा मान राहावा म्हणून मोठा माणूस रस्त्याकडेला बसून राहायचा. याला म्हणतात मन!"

सभेतून एक सुस्कारा उठला. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माना वळल्या आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. कीव करून बघितलं, अप्पा. मी उठलो तो तिथंच.

ज्यांना आपल्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो. त्या महिन्यात सासुरवाडी जावयांना बोलावते, दारात पाय धुते, पाटावर बसवते आणि पुरण भरून उकडलेले कणकेचे धोंडे तुपात बुडवून खायला घालते. अक्का, म्हणजे महानंदा, मोठी, तिचे तुम्ही. संगीता धाकटी, तिचा मी. तुमचं लातूरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान, माझी नांदेडला रेल्वेच्या कचेरीतली नोकरी. मधे चाकूर, पण बरोबर मधे नाही. तुमच्या दारापासून ते तासाभराच्या आत, वाटेत आष्टामोड लागतं; माझ्यापासून त्याच्या दुपटीहून लांब. म्हणून आपण ठरवलं होतं की मी पहाटे सहाला निघायचं, तुम्ही साडेसातला. गाडी पळवायची नाही, दमानं चालवायची, वाटेत थांबायचं नाही. कोण किती वाजता निघालं हे बघायला कुणी नसायचं. शब्दावर विश्वास. जो आधी पोचेल त्याचे पाय आधी धुवायचे आणि पंख्याखालचा पाट त्याचा. पैजेत एवढंच.

तो पाट आजवर प्रत्येक वेळी माझा होता. मला वाटत होतं, तो माझ्या अँबॅसडरनं मिळवला.

जेवण झालं की ओट्यावर सतरंजी पडायची, अव्वा, म्हणजे आपल्या सासूबाई, पान लावून द्यायची, आणि मग आपलं सुरू व्हायचं. आतून संगीता ओरडायची, "आता बसले बगा दोघं, दुपार गेली."

"काय नांदेडकर," तुम्ही म्हणायचात, "म्हैस पोचली का? तुमची अँबॅसडर म्हणजे म्हैसच. बसली तर उठत न्हाई, उठली तर वळत न्हाई."

"म्हैस आधी पोचली अप्पा. तुमची हरणी कुठं चरत होती?"

"आधी पोचली म्हणून चांगली का? तसं असतं तर ट्रकच घेतला असता की."

मग आकडे निघायचे. माझ्या गाडीचं इंजिन दीड हजार सीसीला जरासं कमी, तुमच्या पद्मिनीचं अकराशेला जरासं कमी. माझी ताकद पन्नास घोड्यांच्या आसपास, तुमची चाळिशीच्या थोडी वर. मी हे म्हटलं की तुम्ही मांडीवर थाप मारायचात. "वजनाला भागा की! तुमची रिकामी गाडी अकराशे किलोची. माझी नऊशेच्या आतली. एका घोड्याच्या वाट्याला किती ओझं येतंय ते काढा, मग बोला." भागलं तर घोड्यामागं तुमचं ओझं थोडं कमी निघायचं, हे मला मान्य करावं लागायचं. मी म्हणायचो, "भागाकार रस्त्यावर पळत नाही अप्पा." तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर हरतोय. रस्ताच अडाणी."

पिकअप तुमचा चांगला होता. गर्दीत वळायला, गल्लीत शिरायला पद्मिनी हलकी. पेट्रोलही कमी प्यायची, अॅव्हरेजचा विषय निघाला की मी पान चघळत गप्प बसायचो. माझ्या बाजूला होती ती मागची सीट. तिच्यावर तीन मोठी माणसं आणि मांडीवर दोन पोरं बसून वर अव्वाच्या सांडग्यांचा डबा मावायचा. रस्त्यावरचे खड्डे अँबॅसडरमध्ये पाठीला कळायचे, पण पोटातलं पाणी हलायचं नाही. तुमच्या गाडीत ते दातांना कळायचे. दोघींचे गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, दोघींचे ब्रेक विनंती केल्यावर लागणारे. तुमची दारं टक्कन लागायची, माझी आपटावी लागायची. तुम्ही म्हणायचात, "दार लावलं की चाकूरच्या बसस्टँडवर कळतंय, नांदेडचे जावई आले."

आणि तुमचं ते एक टुमणं, "माझी गाडी ओरिजिनल हाय. एक नट बदललेला न्हाई." मी अँबॅसडरचा रेडिएटर बदलला, कार्बोरेटर बदलला, तर तुम्ही मला ऐकवलंत, "मग ती अँबॅसडर कुठं राहिली? भाड्याच्या अवयवांवर जगून राहिली बिचारी."

खरी तुलना करायची तर गाड्यांची अदलाबदल करायला हवी, हे आपल्या दोघांनाही पटलेलं होतं. अटीसुद्धा ठरल्या होत्या. पेट्रोल एकाच पंपावरचं, माणसं सारख्या वजनाची, रस्ता एकच आणि चालवणारे उलटे, मी पद्मिनीवर, तुम्ही अँबॅसडरवर. प्रत्येक धोंड्याला ठरायचं, आणि प्रत्येक वेळी ओट्याच्या पायरीवर येऊन थांबायचं.

"द्या चावी."

"आधी तुम्ही द्या."

"मोठा कोण?"

"म्हणून तर म्हणतोय, मोठ्यानं आधी द्यावी."

इतक्या वर्षांत एकदाही कुणी कुणाच्या हातावर चावी ठेवली नाही. दोन प्रौढ, शहाणे म्हणवणारे पुरुष. बायका हसायच्या ते बरोबरच होतं.

आता उमाकांतचं भाषण ऐकून माझं काय झालं, ते या सगळ्यावरून समजून घ्या. सभेहून परत आलो आणि अंगणात उभ्या अँबॅसडरकडं बघवेना. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचो, ते बंद केलं. तिच्यावर धूळ बसली, कावळ्यांनी टप रंगवला. संगीता दोन दिवस बघत राहिली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मेलेल्या माणसाशी भांडण करून राहिलाय तुम्ही."

"करणारच. त्यांनी फसवलं मला."

"जिंकू दिलं म्हणजे फसवलं?"

"हाव! तेच तर फसवणं."

तिला ते पटलं नाही. तुम्हाला पटवून देतो. मोठा माणूस लहान मुलाशी पंजा लढवताना हात सैल सोडतो, त्याचं सगळे कौतुक करतात. पण ते मूल मी होतो, आणि माझे केस पिकलेत. आडतीवर तराजूला बोट लावणाऱ्याला तुम्ही दुकानातून हाकललं होतंत, सख्खा चुलतभाऊ असून. आणि इथं स्वतः बोट लावून बसलात? माझ्या पारड्यात लावलंत म्हणून ते बोट पुण्याचं होतं का? माझी सगळी तुलना तुम्ही नासवलीत. ओट्यावरच्या त्या सगळ्या दुपारी नासवल्यात. मी जेव्हा म्हणत होतो, "म्हैस आधी पोचली," तेव्हा तुम्ही मनातल्या मनात माझ्यावर दया करत होतात? मला दया नको होती. मला तुमच्याशी भांडायचं होतं.

आणि या रागाखाली दुसरं एक आहे, ते सांगितल्याशिवाय हा राग खरा नाही.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "नांदेडकर, पद्मिनीचं एक सांगायचं राहिलंय हो." मी खुर्चीवरून उठत होतो, नांदेडच्या बसची वेळ झाली होती. म्हणालो, "काय, वजनाला भागायचं ना? भागून झालंय अप्पा." तुम्ही हसलात, हसताना खोकला लागला, नर्स आली आणि मला बाहेर जा म्हणाली. मी दारातून हात केला. ते वाक्य तुमच्या तोंडात तसंच राहिलं. पुढची बस मिळाली असती. आपल्याकडं बसला तोटा नाही. एका विनोदासाठी मी तुमचं शेवटचं बोलणं तोडलं, आणि सभेत बसून जेव्हा आष्टामोडची गोष्ट ऐकली तेव्हा वाटलं, हेच सांगायचं होतं तुम्हाला, की तुम्ही मला जिंकू देत होतात. ऐकलं नाही याचं दुःख करायचं, की बरं झालं ऐकलं नाही म्हणायचं? या दोहोंच्या मधे मी बरेच दिवस लटकत होतो.

मग अधिक महिना लागला आणि उमाकांतचा फोन आला.

"दाजी, रविवारी धोंडे हायेत. तुम्ही आन संगीता या."

"येतो की. अक्काला लातूरहून कोण आणणार?"

"त्याच्यासाठीच फोन केला. ह्या वेळी अक्काला न्हाई बोलावलं. धोंडे जावयाचे असतेत. अप्पा दाजी न्हाईत, मग ती येऊन काय करणार? अव्वा रडंल, चार बायका कुजबुजतेल. पुढं बघू."

"पुढं म्हणजे तीन वर्षांनी?"

"तसं न्हाई दाजी…"

"मग कसं? सभेत माईकवर तूच सांगत होतास ना, आपल्या समाजात सूतक नाही, विटाळ नाही, आपण सगळ्यांच्या पुढं गेलेलो. ते माईक बंद झाल्यावर संपलं का?"

"ते वेगळं दाजी. लोक काय म्हणतेल?"

"आणि मोठं मन म्हणून कुणाचं सांगत होतास रे?"

मी फोन ठेवला. तुमच्यावरचा राग तसाच होता, पण त्याला आता शेजार मिळाला. ज्या तोंडानं तुम्हाला देव केलं, त्याच तोंडानं तुमच्या बायकोला घराबाहेर ठेवलं. देव करण्याचा हाच फायदा असावा. माणूस देव झाला की त्याच्या घरच्यांची विचारपूस करायला नको.

संगीता दारात उभी राहून ऐकत होती. तिनं पिशवी भरायला घेतली. मी म्हणालो, "आपली गाडी नको. बसनं लातूरला जाऊ. चाकूरला पद्मिनी घेऊन जायचं."

"देतील का चावी?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तुम्ही अजून होतात.

शनिवारी संध्याकाळी तुमच्या घरी पोचलो. अक्कानं भाकरी थापली, ठेचा वाटला आणि मी विषय काढल्यावर मान हलवली.

"मी कशाला? उमाकांतनं मलाबी फोन केलता."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, अक्का, उन्हाचं कामून येतीस." ती हसली. ते हसणं मला बघवलं नाही. "बरोबर हाय त्याचं. ते न्हाईत तर धोंडे कुणाला घालायचे?"

मी म्हणालो, "अक्का, जावई काय आभाळातून पडतो का? लेक असते म्हणून जावई होतो. आम्हा दोघांचे पाय धुतले ते तुमच्या दोघींमुळं. नाहीतर अव्वानं मला तांब्याभर पाणी कशाला दिलं असतं?"

तिनं भाकरीच्या पिठात बोटानं दोन रेघा ओढल्या. मग उठून देवळीतून चावी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. तुम्ही जे इतकी वर्षं केलं नाही ते तिनं एका क्षणात केलं. चावीला तुमच्या दुकानाचं जुनं पितळी लेबल अजून आहे.

सकाळी नियमाप्रमाणे साडेसातला निघालो. संगीता मागं, अक्का पुढं. अक्कानं पायाशी पाण्याचा एक कॅन ठेवला आणि त्यावर जुन्या धोतराची घडी.

"हे कशाला?"

"ते नेहमी ठेवायचे. पोचायच्या आधी तोंड धुवायला."

अप्पा, तुमची गाडी गोड आहे. हे मी आज लिहितोय, तुम्ही असताना लिहिलं नसतं. क्लच पायाखाली लोण्यासारखा. दुसऱ्या गिअरमध्ये ती अशी उडी घेते की मला आधी वाटलं, चुकून पहिला पडला. स्टिअरिंग दोन बोटांनी फिरतं. माझ्या अँबॅसडरचं म्हणजे विहिरीतून पोहरा ओढायचा. खड्डे दातांना कळले, त्याचा मला आनंद झाला. पण एकूण मी गप्प होतो. मागून संगीता म्हणाली, "का हो, बोलत न्हाई? चांगली हाय वाटतं."

"ठीक आहे," मी म्हणालो.

ऊन चढायला लागलं होतं. लातूर मागं पडून बराच वेळ झाला नव्हता, तेव्हा काटा हलायला लागला. तापमानाचा काटा. आधी मला वाटलं, मीटर जुना आहे, ओरिजिनल आहे, चुकत असेल. मग वास आला, गरम लोखंडाचा आणि शिजलेल्या रबराचा. आष्टामोड दिसायला लागलं आणि काट्यानं पार टोक गाठलं. बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली. मी गाडी रस्त्याकडेच्या लिंबाखाली घेतली आणि बंद केली. ती बंद झाल्यावरही आत पाणी खदखदत होतं, चुलीवरच्या आधणासारखं.

समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं गाडी ओळखली, मान हलवली, आणि न विचारता एक बाकडं सावलीत सरकवलं.

मी बॉनेट उघडलं, आणि तेवढ्यात मागून अक्काचा हात पुढं आला. त्या हातात धोतराची घडी होती.

"हे कापड धरा," ती म्हणाली, "टोपण लई तापलेलं असतंय. तोंड बाजूला ठेवून फिरवा. आन लगेच न्हाई, जरा थांबा."

मी कॅनकडं बोट केलं.

"अक्का, हे पाणी तोंड धुवायला होतं ना?"

"हाव की," ती म्हणाली. "गाडीचं."

संगीता आधी हसली. मग अक्का हसली, पदर तोंडाला लावून. मग मी, अप्पा, त्या लिंबाखाली बॉनेटला टेकून असा हसलो की टपरीवाला चहा गाळायचा थांबला. आणि हसता हसता मला जे रडू सभेत आलं नव्हतं ते तिथं आलं.

तुम्ही मला जिंकू देत नव्हतात! तुमची गाडी तापत होती! दर धोंड्याला, आष्टामोडला, याच लिंबाखाली तुम्ही बॉनेट उघडून, धोतराचं कापड हातात धरून उभे होतात, आणि उमाकांतला फोन करत होतात, "पोचला का रे नांदेडकर?" मी पोचलो नसतो तर काय केलं असतंत? मला ठाऊक आहे. तसंच वाफ ओकत गाडी हाणली असतीत. पण मी पोचलेलो असायचो, आणि मग तुम्ही ऐटीत म्हणायचात, "बरं बरं, येतो मी सावकाश." भाबड्या उमाकांतनं त्याचा मोठेपणा केला. तुम्ही तो होऊ दिलात. लबाड माणूस!

"तुम्ही सांगितलं कसं नाही?" मी अक्काला विचारलं.

"मी कशी सांगू? बॉनेट उघडलं की मला म्हणायचे, तू तिकडं तोंड कर. मग मी रस्त्याकडं तोंड करून बसायची. मी बघितलेलं त्यांना चालायचं न्हाई. म्हणायचे, नांदेडकरला कळलं तर जगू देणार न्हाई."

"रेडिएटर बदलायचा होता मग. मी बदललाय."

"ओरिजिनल हाय ना," अक्का म्हणाली.

टोपण निवल्यावर मी ते उघडलं. तोंडाशी पांढरी खरवड जमलेली, चुलीवरच्या जुन्या पातेल्याला असते तशी. बोटानं खरवडली तर चुन्यासारखी भुकटी हातावर आली. तुमच्या दारातल्या बोअरचं पाणी! लातूरच्या त्या पाण्यानं डाळ शिजत नाही, बादल्यांना पांढरे थर बसतात, आणि तुम्ही वर्षानुवर्षं तेच या बिचारीच्या नळ्यांत ओतत होतात. माझी अँबॅसडर गोदावरीच्या नळाचं पाणी पिते.

आणि तिथं, हात भुकटीनं पांढरे झालेले असताना, मला आपली चूक दिसली. आपण अटी ठरवल्या होत्या. पेट्रोल सारखं, वजन सारखं, रस्ता एक, चालवणारे उलटे. घोड्यामागं ओझं काढलं, सीसी मोजले, टायर मोजले. पण कोणती गाडी कोणतं पाणी पिते, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मराठवाड्यात राहून! जिथं पाहुणा आला की पेल्यातलं पाणी कुठलं ते आधी विचारतात, तिथं आपण इतकी वर्षं दोन गाड्यांची तुलना केली आणि पाणी विसरलो. म्हणजे पद्मिनी हरत नव्हती. तुमची बोअर हरत होती. आणि अँबॅसडर जिंकत नव्हती, गोदावरी जिंकत होती.

कॅनमधलं पाणी ओतलं. तेही बोअरचंच होतं, पण दुसरं काय ओतणार? चहा झाला. टपरीवाल्यानं तुमच्यासाठी एक जास्तीचा कप भरला आणि मग लक्षात येऊन तो स्वतः प्यायला.

चाकूरला उशिरा पोचलो. उमाकांत फाटकात परात आणि तांब्या घेऊन उभा होता. पद्मिनी बघून त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येत नाही, आणि पुढच्या सीटवर अक्का बघून काय आलं ते सांगायची गरज नाही. शेजारच्या ओट्यावर दोन-तीन बायका थबकल्या. अक्का उतरेना. हात मांडीवर घट्ट धरून समोरच्या काचेकडं बघत बसली.

मी उतरलो. उमाकांतनं परात माझ्या पायाशी सरकवली. "या दाजी."

"उमाकांत," मी म्हणालो, "आधी पोचेल त्याचे पाय आधी, हा नियम खरा ना?"

"खरा की."

"मी स्टिअरिंगमागं होतो, अक्का माझ्या शेजारी. उतरायचं दार तिचं तुझ्या बाजूला. माझ्या आधी तीच पोचली. धू."

त्याच्या हातातला तांब्या कलला आणि पाण्याची धार मातीत गेली. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी त्याला तयार होतो. सभेपासून तयार होतो.

तेवढ्यात आतून अव्वाचा आवाज आला. नजर गेलीय तिची, पण कान शाबूत आहेत. "उमाकांत, महानंदाची गाडी वाजली ना? मग उभा काय राहिलास? पाणी तापतंय उन्हात. ओत की."

उमाकांत वाकला. अक्कानं दार उघडून पाय खाली ठेवले आणि तो धुताना दुसरीकडं बघत राहिली, रस्त्याकडं, बॉनेट उघडल्यावर बसायची तशी. त्यानं पाय धुतले, पुसले, आणि उठताना हळूच म्हणाला, "चुकलं अक्का." मोठ्यानं नाही म्हणाला. माईक नव्हता. म्हणून मी ते खरं मानतो.

पंख्याखालच्या पाटावर अक्का बसली. जेवताना रडली, पण धोंडे खाल्ले. अव्वा चाचपडत आली आणि तिच्या ताटात हातानं तूप ओतलं, ताटाबाहेर सांडलं तरी थांबली नाही.

नंतर उमाकांत गाडीभोवती फिरून आला. "दाजी, गाडी कामून गरम वास मारून राहिली? आन इतका उशीर?"

"मुद्दाम आष्टामोडला थांबलो होतो," मी म्हणालो. "मोठं मन."

हे सगळं लिहावं का, असं मी अक्काला विचारलं. तुम्ही लपवलेलं ते असं चव्हाट्यावर मांडायचं म्हणजे कसंतरी वाटत होतं. ती म्हणाली, "लिहा की. त्यांना मोठं करायला खोटं कशाला लागतंय? होते तेवढे पुरे होते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्हाला ते दवाखान्यात हेच सांगणार होते. मला म्हणाले होते, नांदेडकरला एकदा रेडिएटरचं सांगून टाकतो, मनाला लागून राहिलंय."

म्हणजे कबुली द्यायची होती तुम्हाला. आणि मी बसची वेळ झाली म्हणून निघालो. अप्पा, ते मला माफ करू नका. ते माझ्याकडं राहू दे, तुमची आठवण म्हणून.

पण राग गेला. खरं म्हणजे गेला नाही, जागेवर आला. तुम्हाला देवमाणूस म्हणणाऱ्यांवर तो अजून आहे. तुम्ही वाद घालायचात, हट्टी होतात, पाण्याचा कॅन लपवायचात, आणि मला हरवायला मरत होतात. मला तोच माणूस हवाय. दुसऱ्या कुणाला मी माती दिलेली नाही.

वाद तर आता नव्यानं सुरू झाला. पद्मिनी अक्कानं माझ्याकडं नांदेडला पाठवली आहे. रेडिएटर बदलणार नाही, घाबरू नका, तो ओरिजिनलच राहील. नळ्या साफ करून घेतोय आणि तिला गोदावरीचं पाणी पाजतोय. अँबॅसडर पुसली, टप धुतला आणि तुमच्या दारात नेऊन उभी केली. तिला तुमच्या बोअरचं पाणी चालू केलंय. अक्काच्या हातून, रोज थोडं.

पुढच्या धोंड्याला दोन्ही गाड्या चाकूरला येतील. माझी अँबॅसडर हरली तर ओट्यावर सगळ्यांसमोर कबूल करीन. बॉनेट मात्र उघडं ठेवीन, आणि कुणालाही तिकडं तोंड कर म्हणणार नाही.

तुमचा,
नांदेडकर